१२.४०ची एसटी आणि कुणालाच माहीत नसलेला जीएस: एका कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॉलेज तालुक्याच्या गावचं, अनुदानित, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स तिन्ही, पश्चिम महाराष्ट्रातलं. एवढंच सांगते, नाव गाळलंय, आणि पोरापोरींची ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहितेय. वर्ष २०२२-२३. मी तिथं राज्यशास्त्राला तासिका तत्त्वावर होते, म्हणजे सीएचबी, म्हणजे तास घेतला तर पैसे आणि तेही निघतील तेव्हा. त्यामुळे या सगळ्यात माझ्या हातात अधिकार असा काही नव्हता, पण सीएचबीवाल्यांना कॉलेजात एक फायदा असतो, पोरं मनातलं बोलतात, कारण त्यांना पण माहीत असतं की ही बाई पुढच्या वर्षी असेल-नसेल.

आर्ट्स आणि कॉमर्स सकाळचं, साडेसातला पहिला तास, बाराला सुट्टी. निम्म्याहून जास्त पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येणारी, आणि पोरींमध्ये तर हे प्रमाण आणखी जास्त, कारण मुलगा असेल तर गाडीवर तिघं बसून येतात, मुलीला घरचे एसटीच्याच भरवशावर पाठवतात. बारावीपर्यंत पोरींना पास फुकट असतो, एफवायला आलं की सवलतीचा असला तरी पैसे भरून काढावा लागतो. तो पास काढून मग गाडीच नसेल तर काय, हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

गाडी का नव्हती तर, ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत एसटीचा संप चालला, तो सगळ्यांना आठवत असेल. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण सगळ्या फेऱ्या परत आल्या नाहीत. आमच्याकडे दोन रूटवरची दुपारी साडेतीनची गाडी बंद झाली ती झालीच. म्हणजे १२.४०ची गाठली तर ठीक, नाहीतर थेट पावणेसहाची, ती फाट्यावर सोडणार सात वाजता, आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत अंधारात चालत.

अडचण

आता कॉलेजनं काय केलं, तर त्याच वर्षी रेमेडियलचे तास आणि एक अॅड-ऑन कोर्स दुपारी १ ते ३ लावला. का, तर सकाळी वर्गखोल्या रिकाम्या नसतात. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, टाइमटेबल करणारे सर गावातच राहायचे, त्यांना १२.४० हा आकडा काही सांगत नव्हता. पोरी तास बुडवायला लागल्या, हजेरी घसरली, आणि दिवाळीनंतर नोटीस लागली की हजेरी कमी असलेल्यांचे परीक्षा फॉर्म अडवले जातील.

एसवाय बीएच्या काही पोरी ऑफिसला गेल्या. तिथं सांगितलं, असं सुटं सुटं येऊ नका, परिषदेमार्फत अर्ज द्या. त्याच आठवड्यात मी वर्गात विधिमंडळ शिकवत होते, प्रतिनिधी म्हणजे काय वगैरे, आणि मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "मॅडम, आपला जीएस कोण आहे?" जीएस म्हणजे जनरल सेक्रेटरी, परिषदेचा सचिव. वर्ग हसला. मी पण स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, तिथं तीन वेगवेगळी नावं आली, त्यातलं एक गेल्या वर्षी पास होऊन गेलेल्या मुलाचं.

यादी ऑफिसात होती. प्रत्येक वर्गातला टॉपर, शिवाय एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांचे एकेक, दोन मुली, आणि यांनी मिळून निवडलेला सचिव. एसवाय बीएचा प्रतिनिधी म्हणून ज्याचं नाव होतं तो पोरगा ऑगस्टपासून पोलीस भरतीच्या तयारीला दुसऱ्या शहरात अकॅडमीत राहत होता. बैठकीच्या रजिस्टरमध्ये मात्र त्याची सही होती. एकाच निळ्या पेनानं, एकाच दिवशी, तीन बैठकांच्या खाली. आता याला फार मोठा घोटाळा वगैरे म्हणायची गरज नाही, बऱ्याच कॉलेजात परिषद ही नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलपुरती असते, तेव्हा पाचव्या निकषात विद्यार्थी प्रतिनिधित्वाबद्दल विचारायचे म्हणून डिसेंबर-जानेवारीत यादी करायची, एक ग्रुप फोटो काढायचा, संपलं. पण इथं त्या कागदी परिषदेकडेच बोट दाखवून पोरींना परत पाठवलं गेलं होतं, म्हणून ते टोचलं.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

हे समजून घेतल्याशिवाय पुढचे पर्याय कळणार नाहीत. महाराष्ट्रात कॉलेजच्या निवडणुका एके काळी जोरात व्हायच्या, मारामाऱ्या पण जोरात व्हायच्या, ८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं थेट मतदान काढून टाकलं आणि मार्कांवर नेमणूक आणली. मार्कांवर नेमलेले हे मोजके जण मग सचिव निवडायचे. यातून मारामारी कमी झाली असेल, पण मतदार मूठभर झाले की त्यांना सांभाळणं सोपं होतं, यूआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, पळवायचे, रिसॉर्टवर ठेवायचे, मतदानाच्या दिवशीच थेट गाडीतून आणायचे, हे किस्से आमच्या वयाच्या कुणालाही विचारा.

मग २००६ला लिंगडोह समितीचा अहवाल आला, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह अध्यक्ष होते, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २००६मध्ये त्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराला ७५ टक्के हजेरी हवी, खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पोस्टर नाही फक्त हातानं केलेले, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत आटपायचं. महाराष्ट्राचा नवा सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६चा, १ मार्च २०१७पासून लागू, त्याच्या कलम ९९मध्ये कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेसाठी थेट निवडणूक परत आली. कागदावर. २०१९ला होणार म्हणून हालचाल सुरू झाली, तोवर विधानसभा तोंडावर आली म्हणून ढकलल्या, पुढं कोविड. तर २०२२-२३मध्ये स्थिती अशी की कायदा सांगतो निवडणूक आणि कॉलेजं चालवतात जुनी टॉपरवाली पद्धत.

अजून एक कलम, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. कलम ९७, कॉलेज विकास समिती, सीडीसी. वर्षातून किमान चार बैठका, कॉलेजचं बजेट तिथून जातं, आणि परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव हे दोघं विद्यार्थी त्या समितीवर असतात. माझ्या मते खरी खुर्ची ही आहे. स्नेहसंमेलनात कोण अँकरिंग करणार यावर पोरं महिनाभर भांडतात आणि ज्या टेबलावर पैशाचं बोललं जातं तिथं आपली खुर्ची आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय आपोआप चालत आला. एका विद्यार्थी संघटनेचे तालुक्याचे पदाधिकारी गेटवर आले, म्हणाले उद्या निवेदन देतो, ऐकलं नाही तर गेटला टाळं. खोटं कशाला बोला, यानं काम लवकर झालं असतं, टाळ्याला कॉलेजं घाबरतात. पण पोरींनीच नको म्हटलं. टाळं ठोकलं की फोटो येणार, फोटो आला की गावात कळणार, आणि घरचे म्हणणार कॉलेजच बंद कर. शिवाय ज्या पक्षाची संघटना त्या पक्षाचा शिक्का बसणार, मग उरलेला अर्धा वर्ग आपोआप विरोधात.

दुसरा पर्याय माहितीचा अधिकार. परिषदेची इतिवृत्तं मागा, जिमखाना फी, मासिकाची फी, गॅदरिंगची फी, सगळ्याचा हिशोब मागा, १० रुपयांचं तिकीट लावा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कायद्यानं एकदम बरोबर, पण अर्जावर नाव कुणाचं टाकायचं? प्रॅक्टिकलचे नाहीतर इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याविरुद्ध एसवायच्या पोरीनं आरटीआय टाकायचा, हे बोलायला सोपं आहे. आणि ३० दिवसांत परीक्षेचे फॉर्म भरून संपले असते.

तिसरा, वाट बघणं, म्हणजे सरकार कधीतरी थेट निवडणुका घेईल. हा पर्याय स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांना आवडला.

चौथा होता गुगल फॉर्म. सर्व्हे घ्या, निकाल प्राचार्यांना द्या. हा एका तरुण सरांचा. वाईट नव्हता, पण फॉर्म भरून मत कळतं, प्रतिनिधी मिळत नाही. डेपो मॅनेजरला भेटायला गुगल फॉर्म जाणार नाही.

आणि पाचवा, जो शेवटी झाला. टॉपरवाली परिषद आहे तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही कारण ती नियमातली. तिच्या जोडीला प्रत्येक वर्गानं गुप्त मतदानानं आपला एक प्रतिनिधी निवडायचा, आणि या निवडलेल्यांना परिषदेच्या प्रत्येक बैठकीला निमंत्रित म्हणून बसवायचं. कायदेशीर वजन शून्य, पण बैठकीत तोंड उघडायला कायद्याचं वजन लागत नाही.

इथं पहिला खरा निर्णयाचा क्षण होता, प्राचार्यांचा. ते प्रभारी होते, प्रभारी माणूस कुठल्याच कागदावर मोकळेपणानं सही करत नाही. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "निवडणूक म्हटलं की जात आली, भावकी आली, गावचं राजकारण वर्गात येणार, तुम्ही निस्तरणार का मॅडम?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण त्या तालुक्यात दूध संघाच्या निवडणुकीवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. प्राचार्य बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, करा, पण निवडणूक म्हणू नका, वर्ग प्रतिनिधी मतचाचणी म्हणा, आणि सगळं लिंगडोहच्या चौकटीत बसवा म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल. नॅकची टीम पुढच्या वर्षी येणार होती हे पण त्या होकारात होतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. चांगली कामं बऱ्याचदा अशाच अर्धवट कारणांनी सुरू होतात आणि मला त्याचं काही वाटत नाही.

काय केलं

नियम एका पानाचे. खर्च शून्य. हातानं लिहिलेलं एक पोस्टर, वर्गाच्या दारापाशी, त्यावर फोटो नाही. चहा-वडापाव नाही. बाहेरचं कुणी नाही. उमेदवार एकच असला तरी मतदान होणार, आणि मतपत्रिकेवर नोटा असणार.

फोटो नाही हा नियम पोरींमुळे आला. सुरुवातीला एकही मुलगी उभी राहायला तयार नव्हती. विचारलं तर कारण एकच, पोस्टरवर फोटो लागणार, कुणीतरी तो स्टेटसला ठेवणार, गावातल्या काकाच्या मोबाइलवर जाणार, आणि घरी विचारणा होणार की कॉलेजात शिकायला जातेस का पुढारीपणा करायला. फोटो काढून टाकल्यावर दोन नावं आली, मग अजून काही. एवढ्याशा नियमानं एवढा फरक पडेल असं बैठकीत कुणालाच वाटलं नव्हतं.

नोटाचा नियम मात्र भांडून घ्यावा लागला. आपल्याकडे बिनविरोध या गोष्टीचं फार कौतुक, ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावाला बक्षीस, पेपरात बातमी. टीवाय बीकॉमला तेच झालं. एका स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा उभा राहिला, त्याच्यासमोरच्या मुलाची दोन दिवसांत "समजूत काढली" गेली आणि त्यानं अर्ज मागं घेतला. वर्गातली काही पोरं म्हणायला लागली, झालं की, बिनविरोध, कशाला मतदान, एकी दिसते. मला विचाराल तर बिनविरोधमध्ये एकी क्वचित असते, बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला तरी गप्प केलेलं असतं. नियम असल्यामुळे मतदान झालं.

मतपेटी म्हणून लायब्ररीबाहेरची सूचना पेटी घ्यायची ठरली, पत्र्याची, भिंतीला लावलेली. किल्ली कुणाकडे नाही. शिपाई मामांनी कुलूप तोडलं तर आत चिठ्ठ्या, किती वर्षांच्या कुणास ठाऊक, कडा पिवळ्या पडलेल्या. "दुसऱ्या मजल्याच्या टाकीत बेडूक आहे." "अभ्यासिकेतला पंखा आवाज करतो, वारा देत नाही." "लेडीज रूमला आतून कडी लावा." आणि एक नुसती "कुणी वाचतं का?" कडी तेव्हाही नव्हती, आम्ही जाऊन बघितलं. त्या चिठ्ठ्या मी फेकू दिल्या नाहीत, नव्या प्रतिनिधींच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवल्या.

मतदान: एकदा फसलेलं, एकदा जमलेलं

दुसरा निर्णयाचा क्षण हा, आणि या सगळ्या प्रकरणात मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मतदान कधी आणि कुठं?

मतचाचणीसाठीच्या प्राध्यापकांच्या समितीनं आधी ठरवलं एकच दिवस, सेमिनार हॉल, दुपारी १ ते ४, म्हणजे तास बुडणार नाहीत. ऐकायला एकदम व्यवस्थित. झालं काय, तर हॉस्टेलची पोरं आली, गावात राहणारी आली, सायन्सवाले प्रॅक्टिकलमधून येऊन गेले. आर्ट्सच्या पोरी १२.४०ला निघून गेल्या. ज्या प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं त्याच प्रश्नानं मतदारांची अर्धी यादी कापली होती, आणि ते टाइमटेबल लावताना जसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं तसंच इथंही.

चार वाजता पेटी बंद केली आणि वाद सुरू झाला. एक मत असं की मोजा, जे आले नाहीत त्यांना रस नाही, लोकशाहीत असंच असतं. दुसरं मत, पेटी उघडायचीच नाही, मतदान रद्द, परत घ्या. रद्द केलं तर आलेल्या पोरांवर अन्याय, त्यांनी काय चूक केली? मग ती प्रश्न विचारणारी एसवायची मुलगी, जी मतदानाच्या कामाला मदतनीस होती आणि त्या दिवशी मुद्दाम मागं थांबली होती, मामाकडे मुक्काम करून, ती म्हणाली, सर, ज्यांनी मत दिलंय त्यांचं राहू द्या, पेटी सील करा, उरलेल्यांचं सकाळी वर्गात घ्या आणि दोन्ही एकत्र मोजा. यादीवर सह्या होत्याच, त्यामुळे कुणी दोनदा मत देण्याचा प्रश्न नव्हता. प्राध्यापकांच्या समितीला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, आणि मान्य झालं.

पुढचे तीन दिवस पेटी पहिल्या तासाला वर्गात गेली. साडेसातला, हजेरीनंतर, १० मिनिटं. गुप्ततेचा घोळ होता, बाकं चिकटून, शेजारचा वाकून बघतो, मग परीक्षेसारखी मध्ये सॅक उभी करून चिठ्ठी लिहायची असं पोरांनीच काढलं. परफेक्ट नव्हतं. पण बहुतेक वर्गांत त्या दिवशी हजर असलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मत दिलं, आणि आर्ट्सच्या वर्गांत पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट.

टीवाय बीकॉमच्या त्या मुलाला नोटापेक्षा थोडीच मतं जास्त पडली. निवडून आला, पण चेहरा उतरला होता. दोन दिवस तो कॉलेजलाच आला नाही.

पुढं काय झालं

पहिल्या बैठकीत टाइमटेबल. रेमेडियलचे तास सुट्टीनंतर न लावता आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाच्या जागी बसवता येतात, कारण त्या वेळी दोन खोल्या रिकाम्या असतात, हे एफवायच्या एका मुलीनं वर्गखोल्यांचा तक्ता वहीत आखून दाखवलं. तिनं चार दिवस फिरून कुठली खोली कधी रिकामी ते बघून ठेवलं होतं. टाइमटेबलवाल्या सरांनी तक्ता दोनदा बघितला आणि म्हणाले, ही खोली मला माहीतच नव्हती. बदल पुढच्या सोमवारपासून झाला. फॉर्म अडवायची नोटीस मागं घेतली गेली नाही, पण दुपारच्या तासांची हजेरी त्यातून वगळली, म्हणजे परिणाम तोच.

एसटीचं जास्त किचकट निघालं. कॉलेजच्या लेटरहेडवर डेपोला अर्ज गेला. डेपो मॅनेजर नीट बोलले, म्हणाले फेरी मी माझ्या मनानं सुरू करू शकत नाही, भारमान दाखवावं लागतं, कुठल्या गावचे किती पासधारक दुपारी येतील ते लिहून आणा. ही माहिती कॉलेजकडे नव्हती, असणारही नाही, पण निवडून आलेला प्रत्येक जण आपापल्या वर्गात उभा राहिला आणि दोन दिवसांत गावनिहाय याद्या आल्या, पास नंबरासकट. आणि डेपो मॅनेजरची वेळ कुणी मिळवली, तर त्याच टीवाय बीकॉमच्या मुलानं, वडिलांच्या ओळखीनं. नोटानं दुखावलेला तो पोरगा नंतर सगळ्यात जास्त पळाला. ज्येष्ठ सर ज्याला घाबरत होते ते गावचं राजकारण वर्गात आलं खरं, आणि एकदा उपयोगालाही आलं, हे मी त्यांना सांगितलं, ते हसले नाहीत.

एका रूटवर साडेतीनची फेरी सोमवार ते शनिवार सुरू झाली. दुसऱ्या रूटवर नाही. तिथं पासधारक कमी होते, आणि रस्त्याचं काम चालू होतं असं कारण दिलं गेलं. त्या रूटवरच्या पोरींना वाटलं की आपण याद्या करून दिल्या आणि गाडी दुसऱ्यांना मिळाली, त्यांचा राग रास्त होता.

लेडीज रूमला कडी लागली. टाकी धुतली. पंखा तसाच.

आणि सीडीसी. परिषदेचा अधिकृत सचिव, तो टॉपर, बिचारा अभ्यासू मुलगा, त्याला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. निवडलेल्या प्रतिनिधींनी त्याला कलम ९७चा कागद दिला आणि सोबत आपली फीची पावती दिली, त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. तो फेब्रुवारीतल्या बैठकीला गेला, एकच प्रश्न विचारला, स्नेहसंमेलन कोविडमध्ये झालं नाही त्या वर्षांची जमा फी कुठं आहे. उत्तर बैठकीत मिळालं नाही. मार्चमध्ये नोटीस बोर्डावर जमाखर्चाचं एक पान लागलं. पूर्ण नव्हतं, बरेच खर्च "इतर" मध्ये होते. पण असं पान त्या बोर्डावर आधी लागल्याचं तिथल्या जुन्या क्लार्कना पण आठवत नव्हतं.

पुढच्या वर्षी नियमित प्राचार्य आले, माझा करार संपला होता. ऐकलं ते असं की मतचाचणी आर्ट्सला झाली, कॉमर्सला झाली नाही, सायन्सचं डिसेंबरमध्ये उरकलं.

पुन्हा करायचं झालं तर

वेळ. डिसेंबरमध्ये निवडलेल्या प्रतिनिधीच्या हाती जेमतेम तीन महिने उरतात, त्यातला एक गॅदरिंग आणि एक परीक्षा खाते. लिंगडोह समितीनं सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या म्हटलंय ते उगाच नाही. फक्त एफवायचे प्रवेश लांबतात, ऑगस्टमध्ये वर्गात एकमेकांची नावं पण माहीत नसतात, त्यामुळे एसवाय-टीवायचं आधी आणि एफवायचं सप्टेंबरअखेर असं दोन टप्प्यांत घ्यावं लागेल.

हे सगळं प्राचार्यांच्या तोंडी परवानगीवर उभं होतं, आणि म्हणून पुढच्या वर्षी अर्धं राहिलं. परिषदेच्या बैठकीत ठराव करून, सीडीसीसमोर ठेवून, इतिवृत्तात नोंदवून घेता आलं असतं, तेव्हा सगळ्यांचा मूडही होता. फाइल पण एकाच्याच कपाटात राहिली. विद्यार्थी विकास अधिकारी बदलला की फाइल नव्यानं शोधायची, हे टाळायला निवडून आलेल्या एसवायच्या प्रतिनिधींकडेच एक प्रत द्यायला हवी, ते अजून वर्षभर तिथंच असतात.

कमवा आणि शिकाची पोरं राहून गेली. ती पहिल्या तासाला बागेत नाहीतर लायब्ररीत कामावर असतात, वर्गात पेटी आली तेव्हा त्यांच्यातले बरेच जण तिथं नव्हते, आणि पहिल्या दिवशी दुपारी हॉलवर यावं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी पेटी कामाच्या जागी न्यायला १० मिनिटं लागली असती.

आणि ७५ टक्के हजेरीची अट. कायदेशीर निवडणूक असेल तर ती पाळावीच लागेल, त्यात बदल कॉलेजच्या हातात नाही. पण ही मतचाचणी होती, इथं नियम आपले होते. प्रश्न विचारणारी ती एसवायची मुलगी उभी राहू शकली नाही, कारण दुपारचे तास धरून तिची हजेरी कमी भरत होती, म्हणजे गाडी नाही म्हणून तास नाही, तास नाही म्हणून हजेरी नाही, हजेरी नाही म्हणून गाडीबद्दल बोलायला उमेदवारी नाही. समितीत यावर बोलणं झालं होतं, अट ठेवली ती उद्या कुणी आव्हान देऊ नये म्हणून. तिला उभं राहू दिलं असतं तर कुणी आव्हान दिलं असतं असं मला वाटत नाही, द्यायला त्या वर्गात दुसरं कुणी इच्छुकही नव्हतं. निदान उमेदवारीसाठी फक्त सकाळच्या, म्हणजे मूळ टाइमटेबलमधल्या तासांचीच हजेरी धरायची, असा एक ओळीचा नियम त्या पानावर बसला असता. फॉर्मच्या बाबतीत कॉलेजनं नंतर नेमकं हेच केलं, फक्त तोवर मतमोजणी होऊन गेली होती.